चिठ्ठीवर काय लिहायचं?

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता लीडच्या डेस्कपाशी कोणी घुटमळायला लागलं की दोनच शक्यता असतात. एकतर प्रॉडक्शनमध्ये काहीतरी फुटलंय, नाहीतर घुटमळणाऱ्याने पेपर टाकलाय. परवा आमच्या टीममधला टेस्टर असा घुटमळत होता, तेव्हा मी मनातल्या मनात त्याची रिप्लेसमेंट शोधायला सुरुवातसुद्धा केली होती.

"सर, मंडे को हाफ डे लगेगा."

हुश्श! "घे ना, त्यात विचारतो काय? घरी काही कार्यक्रम?"

"नाही सर. सिटिझनशिपचं काम आहे."

मला वाटलं, कॅनडातल्या भावाबिवाचं काही असेल. "कोणाची रे?"

"माझी."

तर मंडळी, गेली तीन वर्षं जो पोरगा माझ्याबरोबर टपरीवर चहा पितो, जरीपटक्याहून ॲक्टिव्हावर येतो आणि माझ्यापेक्षा अस्सल नागपुरी शिव्या देतो, तो अजून भारताचा नागरिक नाही. २००९ मध्ये, दहा वर्षांचा असताना, आईवडिलांबरोबर सिंधमधल्या घोटकी जिल्ह्यातून इकडे आला. तेव्हापासून सगळं घर लाँग टर्म व्हिसावर. (नाव अर्थातच सांगत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

हे ऐकल्यावर मला आधी दोन गोष्टी आठवल्या. दोन्ही माझ्याच.

पहिली : मागच्या वर्षी जर्मनीला दोन महिन्यांचं ऑनसाईट होतं. मी त्याचं नाव सुचवलं. तो म्हणाला, "घरी प्रॉब्लेम आहे, दुसऱ्याला पाठवा." मी दुसऱ्याला पाठवलं आणि ह्याच्या अप्रेझलमध्ये लिहिलं की पुढे जायची इच्छा कमी दिसते. बिचाऱ्याकडे पासपोर्ट होता तो हिरवा, पाकिस्तानचा, तोही मुदत संपलेला.

दुसरी : २२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला. सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले, आणि त्याच आठवड्यात बातमी आली की राज्यात सगळ्यात जास्त पाकिस्तानी नागरिक नागपुरात आहेत, दोन हजारांच्या वर. 'आपल्या शहरात हे काय चाललंय' छापाचा एक मेसेज फिरत होता. मी तो आमच्या टीमच्या ग्रुपवर टाकला. त्या दोन हजारांतले बहुतेक लाँग टर्म व्हिसावरचे सिंधी हिंदू होते, आणि हिंदूंचे असे व्हिसा रद्द झालेलेच नव्हते, हे मी वाचायची तसदी घेतली नाही. ग्रुपवर सगळ्यांनी काही ना काही लिहिलं. ह्याने काहीच लिहिलं नाही. त्याची आई म्हणे तो आठवडाभर घराबाहेर पडली नव्हती.

असो. तर शुक्रवारी आम्ही दोघं टपरीवर जाऊन बसलो आणि मी पहिल्यांदा नीट ऐकलं.

जरीपटका हे नाव मराठ्यांच्या झेंड्याचं आणि वस्ती सिंधी समाजाची. १९४७ नंतर सगळं मागे टाकून आलेल्या लोकांनी ती उभी केली. पुढच्या काळात सिंधमधून जी कुटुंबं येत राहिली, त्यांना इथे कोणीतरी ओळखीचं होतंच. ह्याच्या घरच्यांना पहिली खोली मिळाली ती दरबारात भेटलेल्या एका माणसाच्या शब्दावर. (सिंधी दरबार म्हणजे एका छताखाली झुलेलालही आणि गुरु ग्रंथसाहेबही.) शाळेच्या ॲडमिशनला जोडीला कोण आलं? दरबारातलेच काका. व्हिसा वाढवायचे फॉर्म कोण भरून द्यायचं? तेच. वर्षानुवर्षं निवेदनं देणं, मंत्र्यांना गाठणं, अधिकाऱ्यांपुढे हात जोडणं, हे सगळं समाजातल्या बिनपगारी माणसांनी केलं. सगळ्या देशातल्या अशा खेटे घालणाऱ्यांची पुण्याई म्हणा, २०१६ मध्ये केंद्राने १६ जिल्ह्यांच्या कलेक्टरांना अशा लोकांना नागरिकत्व द्यायचे अधिकार दिले. त्यात नागपूर होतं. त्याच वर्षी तीन ते पंधरा हजार असलेली फी शंभर रुपयांवर आणायचं ठरलं. बँकेत खातं, पॅन, आधार, राहण्यापुरतं घर विकत घेणं, ड्रायव्हिंग लायसन्स ह्या आपल्याला फालतू वाटणाऱ्या गोष्टींची दारं तेव्हा किलकिली झाली. मग डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला आणि ११ मार्च २०२४ ला त्याचे नियम.

सोमवारी त्याला ह्याच नियमांखाली कागद दाखवायला जायचंय. कुठे? तर पोस्टात! जिल्हा समितीचे प्रमुख पोस्टाचे अधीक्षक असतात. मला हे ऐकून हसूच आलं.

पण खरी गंमत पुढे आहे. अर्जासोबत एक कागद लागतो. परिसरातल्या नावाजलेल्या सामाजिक संस्थेने द्यायचा दाखला, की हा अर्जदार अमुक धर्माचा आहे. ह्याला तो दहा मिनिटांत मिळाला. लहानपणापासून बघितलेला पोरगा, देणाऱ्यांना काय अडचण? त्याने मला मोबाईलवर फोटो दाखवला. खाली गोल शिक्का, सही.

तिथे माझं डोकं अडकलं, आणि गेले दोन दिवस तिथेच आहे.

आपल्या धंद्यातल्या लोकांना समजेल असं सांगतो. लॉगिनमध्ये दोन गोष्टी वेगळ्या असतात. ऑथेंटिकेशन म्हणजे तू कोण आहेस हे पटवणं, आणि ऑथरायझेशन म्हणजे तुला आत काय करायची परवानगी आहे हे ठरवणं. दोन्हींची भेसळ करणाऱ्या पोराला आपण कोड रिव्ह्यूमध्ये सोलून काढतो. धर्मसंस्था पहिलं काम फार सुरेख करतात. कुठल्याही सरकारी खिडकीपेक्षा चांगलं. "ह्याला आम्ही ओळखतो, इतकी वर्षं इथे राहतो, ह्याच्या घरच्यांवर काय गुदरलं ते आम्हाला ठाऊक आहे." अशी साक्ष दुसरं कोण देणार? पण आता आपण त्यांच्याकडून दुसरंच लिहून घेतो : हा माणूस आमच्या धर्माचा आहे. आणि त्या ओळीवर दार उघडतं किंवा बंद राहतं. आजवर जे वकील होते, ते आता दारवान झाले.

"काहीतरीच काय, त्या बिचाऱ्यांना धर्मामुळेच तर पळावं लागलं ना?" बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर. घोटकीतून हे कुटुंब हिंदू म्हणूनच निघालं, आणि त्याला इथे जागा मिळालीच पाहिजे, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझं म्हणणं इतकंच की छळ हे कारण असेल तर फॉर्मवर छळाबद्दल विचारा. पाकिस्तानने १९७४ मध्ये घटना बदलून अहमदियांना मुसलमान नाहीत असं ठरवलं. त्यांना तिकडे मुसलमान धरत नाहीत आणि इकडे नियमात मुसलमान म्हणून बसवत नाहीत. तमिळनाडूच्या छावण्यांत श्रीलंकेतून पळून आलेले तमिळ आहेत, त्यांतले बरेच चक्क हिंदू. पण यादीत देश तीनच, त्यात श्रीलंका नाही. मग दरबाराने काय, खुद्द शंकराचार्यांनी चिठ्ठी दिली तरी ह्या कायद्यात उपयोग शून्य.

आणि लांब कशाला जायचं? गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नॉर्गेलिंग. आपण हिवाळ्यात तिबेटी लोकांकडून घासाघीस करून स्वेटर घेतो, त्यांच्यातलेच हे. कायद्याच्या सहा धर्मांत बौद्ध आहेत, पण तिबेटी चीनमधून आले, म्हणून ते यादीबाहेर. धर्म बरोबर, देश चूक!

आता एक जुनी गोष्ट. जरीपटक्याला लागूनच इंदोरा आहे. मी लहानपणी कितीदा तिथून गेलोय, पण ही गोष्ट मला फार उशिरा कळली. भन्ते सुरई ससाई मूळचे जपानचे, जन्म १९३५ चा. साठच्या दशकात भारतात आले आणि नागपुरातल्या आंबेडकरी बौद्धांचेच होऊन गेले. १९८७ मध्ये व्हिसाची मुदत उलटून राहिले म्हणून त्यांना देशाबाहेर काढायचं प्रकरण उभं राहिलं. इथला बौद्ध समाज त्यांच्यामागे उभा राहिला. ते प्रकरण मिटलं आणि त्यांना भारताचं नागरिकत्व मिळालं. पुढे ते राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचे सदस्यही झाले. आता बघा, एका वस्तीने जपानी भिक्खूसाठी भांडण केलं, शेजारच्या वस्तीने सिंधमधल्या कुटुंबांसाठी. दोन्हीकडे कामाला आली ती एकच गोष्ट, 'हा आपला माणूस आहे' असं कोणीतरी मोठ्याने म्हणालं.

आणि ज्याला आपला म्हणणारं ह्या शहरात कोणीच नाही, त्याचं काय?

हा प्रश्न नवा नाहीये. घटना समितीत ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वावर जोरदार चर्चा झाली. आपल्या अमरावतीच्या पंजाबराव देशमुखांनी दुरुस्ती मांडली होती की दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेला कुठलाही हिंदू किंवा शीख, तो कुठेही राहत असो, भारताचा नागरिक व्हायचा हक्कदार असावा. विदर्भात शेतकऱ्यांच्या शिक्षणासाठी ज्यांनी जन्म घालवला ते पंजाबराव. त्यांच्या डोळ्यांपुढे फाळणीत होरपळलेले लोक होते, आणि ती कळकळ खोटी म्हणायची माझी प्राज्ञा नाही. पण ती दुरुस्ती फेटाळली गेली. डॉ. आंबेडकरांच्या मसुदा समितीकडून आलेल्या कलम ६ मध्ये पाकिस्तानातून आलेल्यांसाठी अटी आहेत. स्वतः, आईबाप किंवा आजीआजोबांपैकी कोणी अखंड भारतात जन्मलेलं असावं, १९ जुलै १९४८ च्या आधी आला की नंतर, नंतर आला तर नोंदणी केली का, वगैरे. धर्माचा शब्द नाही. जरीपटक्यातल्या पहिल्या पिढीला नागरिकत्व मिळालं ते ह्या बिनधर्माच्या कलमाखाली. दंगलीची राख गरम असताना त्या लोकांना हे जमलं.

आज मात्र आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही. २०१५ मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत आश्रयाबद्दलचं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचं पुढे काही झालं नाही. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमांच्या खटल्यात सांगितलंय की कलम २१ चं जगण्याचं संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे. पण जगू देणं वेगळं आणि राहू देणं वेगळं.

मी स्वतः पाच वर्षं ॲरिझोनात होतो, एच-१बी वर. डिपेंडंट व्हिसामुळे बायकोला नोकरी करायची परवानगी नव्हती, ती घरात बसून कावली होती. जवळच्या चर्चमध्ये फुकट इंग्लिश संभाषणाचा वर्ग चालायचा, तिथे जायला लागली. आम्ही दारावर गणपती लावणारी माणसं, पण कोणी धर्म विचारला नाही. तिथल्याच एका म्हाताऱ्या बाईंनी तिला टुसॉनची गोष्ट सांगितली. १९८२ मध्ये तिथल्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने एल साल्वाडोर आणि ग्वाटेमालातून जीव घेऊन पळालेल्यांना उघड आश्रय दिला. पास्टर जॉन फाईफ आणि इतर काहीजण त्यासाठी १९८६ मध्ये कोर्टात दोषी ठरले. त्यांनी दार उघडताना माणूस कुठल्या संकटातून आला एवढंच विचारलं. (अमेरिका फार थोर आहे असं सुचवत नाहीये. त्यांच्याच सरकारने त्यांच्यावर खटला भरला होता!)

मग आपण काय करावं? सिंधी समाजाने आधी आपल्या लोकांसाठी खेटे घातले, ह्यात मला काहीही चूक वाटत नाही. मदत नेहमी जवळच्यापासूनच सुरू होते. पण वीस-वीस वर्षं फायली सांभाळून ही मंडळी ह्या विषयातली तज्ज्ञ झाली आहेत. कुठला कागद कुठे अडतो, ते त्यांच्याइतकं कोणाला कळतं? जरीपटक्यातले दरबार, इंदोऱ्याचे विहार, शहरातले गुरुद्वारे, चर्च, मशिदी, ह्यांनी एकदा एकत्र बसून एकच मागणी करावी : आश्रयाचा एक साधा, सगळ्यांना लागू होणारा कायदा. छळ खरा की खोटा हे सरकारने तपासावं. कसून तपासावं, सुरक्षेचीही खातरजमा करावी. आणि चिठ्ठी संस्थांनी जरूर द्यावी, फक्त तिच्यावर लिहावं की हा माणूस आमच्यात इतकी वर्षं राहतोय आणि ह्याला परत पाठवलं तर ह्याचं बरं होणार नाही.

हे मी त्याला टपरीवर अगदी तावातावाने सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, पहले मेरा हो जाने दो. फिर मैं भी आता हूँ मोर्चे में."

ह्यावर काय बोलणार? चहाचे पैसे दिले.

सोमवारचा हाफ डे मंजूर केलाय, मीही बरोबर जातोय. ग्रुपवरचा तो जुना मेसेज शोधून डिलीट करायला गेलो, तर इतक्या जुन्या मेसेजला तसा ऑप्शनच नाही. अप्रेझलमधलं वाक्य काढता येईल का म्हणून एचआरला मेल टाकलाय. बहुतेक सांगतील की सिस्टीम लॉक झालीये.