नोंदीतला ‘का’ कोणी लिहायचा?

आज्ञावलीतील प्रत्येक बदलाबरोबर त्याची नोंद लिहिण्याचे काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवले जात आहे. त्यात वेळ वाचतो, हे खरे. पण बदल कशासाठी केला हे ठाऊक असणारा माणूस त्या नोंदीतून हळूहळू बाजूला होत आहे, त्याचे काय?

सॉफ्टवेअर उद्योगात कृत्रिम बुद्धिमत्तेचा शिरकाव झाला तो आज्ञावली लिहिण्याच्या कामात, आणि त्याची चर्चाही उदंड झाली. त्याच ओघात आलेल्या एका छोट्या बदलाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. आज्ञावलीत दुरुस्ती केल्यानंतर ती कायमची नोंदवताना प्रोग्रामरने दोन-चार ओळींचे एक टिपण लिहायचे असते. त्याला ‘कमिट मेसेज’ म्हणतात. हे टिपणही आता यंत्राकडून लिहून घेण्याची प्रथा रुळू लागली आहे. वरकरणी बाब किरकोळ वाटते. परंतु बँकांचे व्यवहार, तिकिटांचे आरक्षण, रुग्णालयांतील उपकरणे ज्या आज्ञावलींवर चालतात, त्यांचा इतिहास याच टिपणांत साठलेला असतो. त्यामुळे ती कोण लिहितो, या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

या टिपणांचे महत्त्व समजण्यासाठी महसूल खात्यातील परिचित व्यवस्था आठवावी. सातबाऱ्यावर जमीन आज कोणाच्या नावे आहे ते दिसते. पण ते नाव तेथे का लागले, खरेदीने, वारसाने की वाटणीने, हे फेरफाराच्या नोंदीत सापडते. सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक असतो आणि तो धरून मागे जाता येते. ‘गिट’ ही प्रणाली आज्ञावलीसाठी नेमके हेच काम करते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ती एप्रिल २००५ मध्ये तयार केली. तोवर लिनक्सचे काम ‘बिटकीपर’ या प्रणालीवर चाले आणि तिचा विनामूल्य वापराचा परवाना त्या सुमारास संपुष्टात आला होता. आज जगातील बहुतांश सॉफ्टवेअरची दप्तरे गिटमध्ये ठेवली जातात. ‘गिट ब्लेम’ ही आज्ञा दिली की प्रत्येक ओळीपुढे ती कोणी, केव्हा आणि कोणत्या नोंदीने घातली, हे दिसते. त्या नोंदीतले टिपण रिकामे असेल, तर शोध तेथेच खुंटतो.

आता ही टिपणे यंत्र कसे लिहिते ते पाहू. प्रोग्रामर काळ्या पडद्यावरील कमांड लाइनवर काम करतो. जुन्या आणि नव्या मजकुरातील फरक, म्हणजे ‘डिफ’, गिट काढून देते. हा फरक भाषिक प्रारूपाकडे पाठवला की काही क्षणांत नीटनेटके टिपण परत येते आणि माणसाने फक्त होकार द्यायचा उरतो. ‘एआयकमिट्स’, ‘ओपनकमिट’ यांसारखी साधने २०२३ पासून हे करीत आहेत. २०२५ मध्ये ‘क्लॉड कोड’, ‘कोडेक्स’, ‘जेमिनी’ ही थेट कमांड लाइनवर चालणारी साधने आली. अशा साधनांमुळे आज्ञावलीतील बदल आणि त्याची नोंद ही दोन्ही कामे एकाच यंत्राकडून होऊ शकतात.

ही साधने लोकप्रिय होण्याची कारणे खोटी नाहीत. बहुसंख्य प्रोग्रामर ही टिपणे कंटाळत लिहितात. ‘दुरुस्ती केली’, ‘आणखी एक दुरुस्ती’, ‘आता चालेल’ अशा नोंदींनी कित्येक दप्तरे भरलेली आहेत. शिवाय टिपणे इंग्रजीत लिहायची असतात. मराठी, तेलुगू किंवा तामीळ माध्यमातून शिकून आलेल्या अभियंत्याला काम उत्तम येत असले, तरी चार ओळी सफाईदार लिहिताना तो अडखळतो. यंत्र त्याची ही अडचण दूर करते. काहीच न लिहिण्यापेक्षा यंत्राने लिहिलेले बरे, हा युक्तिवाद म्हणूनच सहज झटकून टाकता येत नाही.

तथापि, यंत्राला दिसतो तो केवळ फरक. कोणती ओळ गेली, कोणती आली, हे ते अचूक सांगू शकते. पण ते तर गिटने आधीच जपून ठेवलेले असते. बदलाचे कारण मात्र बहुधा बाहेर असते: ग्राहकाच्या तक्रारीत, दूरध्वनीवरील संभाषणात, आधी फसलेल्या दोन प्रयत्नांत किंवा बैठकीत ऐन वेळी झालेल्या तडजोडीत. ते यंत्राला सांगितलेच नाही, तर ते वर्णनावर थांबते किंवा ‘वाचनसुलभतेसाठी’, ‘कार्यक्षमता वाढावी म्हणून’ असे एखादे पटण्याजोगे कारण स्वतःच जोडून देते. धोका आहे तो या दुसऱ्या प्रकारात. रिकामी नोंद निदान आपले रिकामेपण लपवत नाही. सुबक भाषेत लिहिलेले चुकीचे कारण मात्र पाच वर्षांनी वाचणाऱ्याला खरेच वाटते.

‘का’ हरवला की काय होते, याचे एक बोलके उदाहरण डेबियन या लिनक्सच्या प्रसिद्ध आवृत्तीच्या इतिहासात आहे. ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीत गुप्त किल्ल्या तयार करण्यासाठी यदृच्छ संख्या निर्माण केल्या जातात. स्मृती तपासणारे एक साधन त्यातील दोन ओळींबाबत तक्रार करीत असे. २००६ मध्ये डेबियनच्या बाजूने त्यासंबंधी मूळ प्रकल्पाच्या चर्चामंचावर विचारणा झाली आणि मग दोन्ही ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. त्या ओळी दिसायला सारख्या होत्या. एक गेल्याने काही बिघडणार नव्हते; दुसरी मात्र यदृच्छतेचा मुख्य स्रोत आत घेत होती. ती गेल्यावर फरक पाडणारी एकच गोष्ट उरली, प्रक्रियेचा क्रमांक. त्याच्या शक्यता ३२,७६८. म्हणजे ज्या किल्लीचा अंदाज बांधणे अशक्य मानले जात होते, ती साध्या संगणकावर शोधून काढता येऊ लागली. मे २००८ मध्ये हा दोष जाहीर झाला तेव्हा असंख्य सर्व्हरांच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या.

त्या बदलाचे टिपण आजच्या यंत्राने लिहिले असते, तर बहुधा ‘प्रारंभिक मूल्य नसलेल्या स्मृतीचा वापर काढून टाकला’ असे लिहिले असते. वर्णन म्हणून त्यात वावगे काही नाही आणि नेमकी तीच गोष्ट चिंतेची आहे. या प्रकरणात माणसांकडूनच चूक झाली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ती झाली, कारण त्या दोन ओळींपैकी कोणती कशासाठी आहे, हे पुढच्याला स्पष्ट कळेल असे तेथे लिहून ठेवलेले नव्हते. कारणांची ही उणीव यंत्राच्या सुबक वर्णनांनी भरून निघणार नाही. ती फक्त झाकली जाईल.

अर्थात, माणसाने लिहिले म्हणजे ते खरे, असेही नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या आज्ञावलीत दडवलेला चोरदरवाजा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आला तो दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्यामुळे. घातक भाग चाचणीच्या फाइलींमध्ये लपवलेला होता आणि त्या फाइली बदलताना टिपणात अत्यंत सोज्ज्वळ तांत्रिक कारण दिलेले होते. तात्पर्य, टिपण ही एक साक्ष असते. साक्ष खोटी निघू शकते. पण मग साक्षीदार कोण होता, हे तरी विचारता आले पाहिजे.

लिनक्सच्या व्यवस्थेत या प्रश्नाचे उत्तर पूर्वीच दिले गेले आहे. २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा लावला आणि लिनक्समधील कोड कोठून आला, हा वाद न्यायालयात गेला. त्यानंतर २००४ मध्ये प्रत्येक बदलाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ असा शेरा देण्याची पद्धत आली. हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, असे त्या शेऱ्याने व्यक्ती प्रमाणित करते. फेरफार मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करावा लागतो, तसेच हे. यंत्राने हा शेरा देऊ नये, तो माणसानेच द्यावा आणि यंत्राची मदत घेतली असल्यास ती वेगळी नमूद करावी, असा दंडक लिनक्सच्या मार्गदर्शिकेत आता आला आहे. काही प्रकल्प याहून कठोर झाले. ‘जेंटू’ने एप्रिल २०२४ मध्ये यंत्रनिर्मित योगदानास बंदी घातली, पाठोपाठ ‘नेटबीएसडी’ने असा कोड पूर्वपरवानगीविना घेण्यास मज्जाव केला, जून २०२५ मध्ये ‘क्यूईएमयू’नेही तसाच निर्णय जाहीर केला. या नियमांचा रोख मुख्यतः कोडच्या स्वामित्वावर असला, तरी त्यांच्या मुळाशी असलेला उत्तरदायित्वाचा प्रश्न टिपणांनाही तितकाच लागू होतो.

आणखी एक बाजू गोपनीयतेची. टिपण लिहून घेण्यासाठी डिफ बाहेरच्या सर्व्हरवर पाठवला जातो आणि त्यात कंपनीचा अप्रकाशित कोड, प्रसंगी पासवर्डही असू शकतो. कर्मचाऱ्यांनी अंतर्गत कोड ‘चॅटजीपीटी’त टाकल्याचे उघड झाल्यावर सॅमसंगने २०२३ मध्ये अशा साधनांवर बंदी घातली होती. हिंजवडी किंवा ऐरोलीत बसून परदेशी बँकांच्या जुन्या आज्ञावली सांभाळणाऱ्या अभियंत्यांना तर ही बाब थेट लागू पडते. कारण तो कोड त्यांच्या कंपनीचा नसतो, ग्राहकाचा असतो. ‘ओलामा’सारख्या साधनाने प्रारूप स्वतःच्या संगणकावर चालवण्याचा पर्याय आहे. याच अभियंत्यांना जुन्या टिपणांची किंमतही सर्वाधिक ठाऊक असते. मूळ लेखक दहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेला असतो आणि त्याने मागे ठेवलेल्या दोन ओळी हाच काय तो आधार असतो.

मग यंत्राला हद्दपार करावे काय? तसे करण्याचे कारण नाही आणि ते शक्यही दिसत नाही. कामाची वाटणी मात्र नीट व्हायला हवी. कारण माणसाने आधी सांगावे, मग ते त्याच्या मोडक्या इंग्रजीत असो की मराठीत. भाषा साफ करण्याचे, नियमात बसवण्याचे काम यंत्राने करावे. साधने बनवणाऱ्यांनीही टिपण देण्यापूर्वी ‘हा बदल का केला?’ असा एक प्रश्न विचारण्याची सोय मुळातच ठेवावी. बदल तपासणाऱ्या वरिष्ठाने कोडबरोबर टिपणही तपासावे आणि त्यात कारण नसेल तर बदल परत पाठवावा. यास फार तर दोन मिनिटे अधिक लागतील. ती दोन मिनिटे वाचवण्याची किंमत पुढे दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते, आणि तोवर कारण ठाऊक असलेला माणूस बहुधा तेथे राहिलेला नसतो.