धरणारा की भटकणारा?

जयपूरच्या बनी पार्कमधून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याचे नाव आहे सवाई जयसिंह हायवे. १७२७ मध्ये जयपूर वसवणाऱ्या या राजाला आकाशाचे भारी वेड. त्याने बांधलेले जंतरमंतर येथून फार दूर नाही. त्याच्या पदरी जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते. टॉलेमीचा मूळ ग्रीक ग्रंथ त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणला. तोच 'सम्राटसिद्धांत'.

या तीन भाषांनी एकाच गोष्टीला दिलेली नावे मात्र पाहण्यासारखी आहेत. बाकीचे तारे आपापली जागा धरून असतात. पण बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी रोज थोडे सरकतात, मध्येच उलटे फिरतात. आपण त्याला 'वक्री' म्हणतो. ग्रीकांनी त्यांना 'भटके' म्हटले. 'प्लॅनेट' हा शब्द तिथलाच. अरबांनी 'चालणारे तारे' म्हटले आणि या पाचांना तर चक्क 'गोंधळलेले' असेही नाव दिले. आणि आपण? आपण म्हटले 'ग्रह', म्हणजे पकडणारा!

हा भटका पुढे बराच फिरला. रशियन, पोलिश, चेक, बल्गेरियन या स्लाव्ह भाषांत तो 'प्लानेता' झाला. क्रोएशियात शेवटचा 'आ' गळून 'प्लानेत' उरला. चेक भाषेत 'फेऱ्या घालणारी' अशा अर्थाचा देशी शब्दही झाला. शेजारच्या हंगेरियनांनी आणि तुर्कांनी तर आपापल्या भाषेतल्या 'भटकणे' या क्रियापदावरूनच नाव पाडले. आपला 'पकडणारा'ही घरी बसला नाही. थायलंडमध्ये तो 'ख्रो' होऊन पोचला. तिथे त्याचा एक अर्थ दुर्दैव असाही आहे. तमिळमधला 'कोळ्' हा शब्दही घेणे, पकडणे या अर्थाच्या धातूवरूनच आलेला.

आपल्याकडे पकडीची ही कल्पना जुनी आहे. सूर्यचंद्राला धरले की ग्रहण. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत तान्ह्या मुलांना पछाडणारे 'बालग्रह' सांगितले आहेत. मग ग्रहदशा आली, ग्रहशांती आली.

म्हणून भीती फक्त आपल्याच शब्दात आहे, असे मात्र नाही. पोलंडमध्ये आणि रशियात पूर्वी पेटी वाजवणारे रस्त्यावर फिरत. त्यांच्याजवळचा पोपट भविष्याची चिठ्ठी ओढून काढी. त्या चिठ्ठीलाच लोक 'प्लानेता' म्हणत. आपल्या पोपटवाल्या ज्योतिषाचा हा सख्खा भाऊच! नाव भटक्याचे असो की पकडणाऱ्याचे, माणसाने आपली काळजी त्याच्या गळ्यात अडकवलीच.

वास्तविक कोणाला ग्रह म्हणायचे, हे माणसेच ठरवतात. आपल्या नवग्रहांतला सूर्य आज तारा ठरला, चंद्र उपग्रह. राहू-केतू म्हणजे चंद्राचा आणि सूर्याचा मार्ग एकमेकांना छेदतो ते दोन बिंदू. २४ ऑगस्ट २००६ रोजी चेक लोकांच्या प्राग शहरात खगोलशास्त्रज्ञांनी हात वर करून मत दिले आणि प्लुटो ग्रहांच्या पंक्तीतून उठला. तेव्हापासून तो 'बटुग्रह'. आकाशात काही हलले नाही. बदलली ती फक्त व्याख्या.

पण आपल्या घरांत असा बदल इतका सहज होत नाही. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी, स्वभावाने गोड. दोन्ही घरांची पसंती. आणि पत्रिका उघडली की कोणीतरी हळूच म्हणते, "मंगळ आहे हो!" चहाचे कप तसेच राहतात. पाहुणे "कळवतो" म्हणून उठतात. मुलीची आई आत जाऊन डोळे पुसते. ज्याचे नाव 'मंगल', त्याच्यामुळे घरात असे अमंगल!

तो मंगळ तर आपणच जाऊन पाहिला आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताचे मंगळयान त्याच्याभोवती फिरू लागले. ते सोडणाऱ्यांत पत्रिकेत मंगळ असलेल्या मुली नसतील, असे कोण सांगू शकेल?

'ग्रह' या शब्दाचे आणखी एक भावंड मराठीत आहे, 'पूर्वग्रह'. आकाशातला भटका आपल्या वाटेने जातो, त्याला कोणाला धरायला सवड नाही. पाहुण्यांना चहा टाकून उठवतो, तो हा दुसरा. याची शांत मात्र भटजींना करता येत नाही, ती घरच्यांनीच करायची असते.