शॉकअप वजन उचलत नाही, हे एकदा समजून घ्या



परवा नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोच्या गाड्यांची रांग लागली होती. माझ्या पुढच्या पिकअपला मागं लालभडक, मनगटाएवढे जाड शॉकअप. पोरगा कौतुकानं सांगत होता, "काका, आता कितीबी भरा, गाडी बसत नाय. दुकानदारानं हेवी ड्युटी दिलेत." मी वाकून बघितलं. पाटे पट्टीसारखे सरळ झालेले, आणि बम्प स्टॉपचं रबर टेकायला दोन बोटं शिल्लक. गाडी बसलीच होती की! नव्या लाल रंगापुढं त्याला ते दिसत नव्हतं, एवढंच.

पोराला दोष देत नाही. त्याला हे ज्यानं विकलं त्याच्यावर माझा राग आहे. आणि थोडा आपल्या सगळ्यांवरही, कारण आपण गाडीखाली कधी वाकून बघतच नाही.

वजन उचलतात ते पाटे. शॉकअप नाही. चाक दगडावर चढलं की पाटा दबतो, आणि दबलेला पाटा उसळी मारतो. ती उसळी गिळायचं काम शॉकअपचं. आतला दट्ट्या तेलाला बारीक भोकांतून ढकलतो, तेल गरम होतं, उसळी मरते. गॅसवाल्या शॉकअपनं गाडी किंचित वर आल्यासारखी वाटते, पण त्याच्या जिवावर चार क्रेट जास्त टाकाल तर फसाल. माल जास्त न्यायचा असेल तर पाट्यांचा विचार करा, नाहीतर दोन खेपा करा. तिसरा रस्ता नाही.

आणि पाटे वाढवलेत तरी सुटका नाही. कडक पाटा जास्त जोरानं उसळतो, त्याला आवरणारा शॉकअपही उसळीच्या बाजूनं तेवढाच कडक लागतो. आपल्याकडं दोन पाटे वाढवतात, शॉकअप जुनेच ठेवतात. मग रिकामी गाडी परत येताना पाणंदीवर घोड्यासारखी मागून उडते.

आता कृषी सल्लागार मित्रांना एक बोलतो, राग मानू नका. माल मऊ पडला की तुम्ही जात विचारता, कॅल्शियम विचारता, पाणी कधी दिलं ते विचारता. बरोबरच आहे. पण माल कुठल्या गाडीतून गेला, हे तुमच्यापैकी एकानंही मला आजवर विचारलेलं नाही. गेल्या हंगामात एकाच प्लॉटचा, एकाच सकाळचा तोडा दोन गाड्यांत गेला. थोडे क्रेट माझ्या जुन्या फोर बाय फोर जीपमध्ये, बाकी भाड्याच्या पिकअपमध्ये. क्रेट तेच वीस किलोचे, भरणारे हातही तेच. पिकअपमधले मागच्या बाजूचे, वरच्या थरातले क्रेट व्यापाऱ्यानं बाजूला काढले. फळावर घासल्याचे डाग, दाबलं की आत पाणी झालेलं. नंतर खाली वाकलो तर मागचे दोन्ही शॉकअप मेलेले, तेल कधीच गळून गेलेलं.

एका खेपेवरून मी सिद्धांत मांडत नाही. पण कारण समजायला अवघड नाही. हौदा झटक्यानं खाली गेला की वरचं फळ क्षणभर अधांतरी राहतं. त्याच्यावर दुसऱ्या फळाचा भार नसतो, म्हणून तेच फिरतं, घासतं, आपटतं. खालच्या थराला निदान वरचा भार धरून ठेवतो. मुरमाच्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या असतात, तिथं हे मिनिटाला शेकडो वेळा होतं. द्राक्षाचे मणी गळतात तेही असंच हलून, आणि शिव्या खातो पॅकिंगवाला.

माझी स्वतःची चूकही सांगतो. चार वर्षांपूर्वी ह्याच जीपला मी फोटो बघून शॉकअप मागवले. उचललेल्या गाडीसाठीचे, लांब. माझी जीप उचललेली नव्हती. पहिल्याच पावसात नाल्यात उतरलो. चाक वर आलं, आणि बम्प स्टॉप टेकायच्या आधीच शॉकअप पूर्ण मिटला. लोखंडावर लोखंड. वरची पिन ब्रॅकेटसकट उपटून निघाली. आखूड असता तर उलटं झालं असतं: चाक खाली लोंबलं की सगळा ॲक्सल शॉकअपलाच टांगला जातो आणि डोळा तुटतो.

म्हणून शॉकअप घ्यायच्या आधी टेप घ्या. चेसिस जॅकवर उचला, खाली घोडी लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. चाक लोंबू द्या आणि वरच्या पिनपासून खालच्या पिनपर्यंत माप घ्या. उघडलेला शॉकअप ह्यापेक्षा लांब हवा. मग बम्प स्टॉप पुरता दबल्यावर तेच अंतर किती राहतं ते काढा. मिटलेला शॉकअप त्याहून आखूड हवा. दुकानदार ही दोन मापं सांगू शकत नसेल तर चहा प्या आणि घरी या.

हातानंही बघा. उभा धरून चार-पाच वेळा दाबा-ओढा. आडवा पडून राहिलेल्या दोन नळीवाल्यात हवा शिरलेली असते, ती आधी निघू द्या. नंतर कुठंही पोकळ झटका लागता कामा नये, आणि साधारणपणे दाबण्यापेक्षा ओढायला जड जायला हवा.

एक नळी की दोन नळी, ह्यावर पोरं तासन् तास भांडतात. एक नळीवाला लवकर थंड होतो, खरंय. पण त्याच्या अंगाला दगडानं पोचा पडला की दट्ट्या अडकतो. दोन नळीवाल्याची बाहेरची नळी तेवढा मार सोसते. ताशी पंधरा-वीसच्या वेगानं, भरल्या गाडीनं, दोन-तीन किलोमीटरची पाणंद तुडवणाऱ्याला चांगला दोन नळी गॅसवाला पुरे. बाहेर वेगळी टाकी लावलेले महागडे प्रकार वाळवंटात सुसाट पळणाऱ्यांसाठी आहेत, आपण काय डाकार रॅलीला चाललोय का? ऑस्ट्रेलिया-जर्मनीचे शॉकअप वाईट नाहीत. पण साधे, गाडीच्या मापाचे शॉकअप आपल्या चाकणलाही बनतात, आणि टोमॅटोला बरा भाव असेल तेव्हा आठ-दहा क्रेटच्या पैशात मागची जोडी बसते. बदलताना मात्र जोडीच बदला. एक नवा, एक मेलेला असं ठेवलं तर ब्रेक मारताना गाडी कुठं जाईल सांगता येत नाही, आणि आपल्याला माळशेज उतरायचा असतो.

सगळ्यात घातक धंदा म्हणजे जुना शॉकअप कापून, जाड गिअर ऑइल भरून, वेल्डिंग मारून देणं. ते तेल आतल्या व्हॉल्व्हसाठी नसतंच. थंडीत काठीसारखा कडक, गरम झाला की पुन्हा ढिला. आणि गॅसवाल्याला ड्रिल किंवा गॅस कटर लावला तर तो फुटून माणूस जायचा. पाचशे रुपये वाचवायला मिस्त्रीच्या पोराचा डोळा घालवू नका.

देखभाल फार नाही, पण ती कुणी करत नाही. शेणखत, युरिया, डीएपी वाहून झालं की खालून साध्या पाण्यानं धुवा. खताचं पाणी दांड्याचा चकचकीत मुलामा खातं, खड्डा पडला की तोच खड्डा सील फाडतो. प्रेशरचा पाइप मात्र सीलवर रोखू नका. बुशचे नट गाडी चाकावर उभी असतानाच आवळा. लोंबत्या चाकावर आवळले की रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. अंगावर तेलाचा पुसट ओलावा चालतो, ओघळ आला की संपला. टायर जागोजागी खळगे पडल्यासारखा झिजत असेल तर हवा आणि अलाइनमेंटबरोबर शॉकअपही बघा.

कोपऱ्यावर दाबून गाडी किती हलते ही परीक्षा कारची. आपल्या पाट्याच्या गाडीला ती लागू नाही, पाटेच घासून थांबवतात. त्यापेक्षा खराब रस्त्यावरून आल्या आल्या चारही शॉकअपला जपून हात लावा. तीन गरम आणि एक गार असेल तर तो गारवाला फुकटचा पगार घेतोय.

माझ्या जीपचे पुढचे बुश परवापासून वाजायला लागलेत. शनिवारी सकाळी सातला खळ्यावर गाडी उचलतोय. ज्याला आपल्या गाडीचं माप घ्यायचंय त्यानं या. टेप, जॅक, घोडी आहे माझ्याकडं. त्या लाल शॉकअपवाल्या पोरालाही बोलावलंय.