मालकाचे बिनपगारी हिशेबनीस

जुलैचा शेवटचा आठवडा आला की सिएटलमधले माझ्या ओळखीचे निम्मे लोक स्वतःची नोकरी सोडून दुसऱ्याच कुणाची तरी नोकरी करायला लागतात. एरवी दिवसभर कोड लिहिणारी ही माणसं जेवणाच्या सुट्टीत मरिनर्स या बेसबॉल टीमचे जनरल मॅनेजर होतात. फोन ताटाशेजारी, अंगठा स्क्रीनवर, दर दोन मिनिटांनी रिफ्रेश. अमक्या पिचरसाठी बोलणी सुरू आहेत म्हणे. तमक्या टीमचा स्काउट काल स्टेडियममध्ये दिसला म्हणे. मग एक जण आजचे प्लेऑफचे चान्सेस वाचून दाखवतो, आणि दुसरा शहाणा चेहरा करून म्हणतो, 'एवढ्याशा चान्ससाठी तरणी पोरं द्यायची? सहा वर्षांचा कंट्रोल आहे आपल्याकडे.'

माझं भांडण त्या 'आपल्याकडे'शी आहे.

बेसबॉल कधी पाहिलाच नाही अशांसाठी थोडक्यात सांगतो. मेजर लीगमध्ये ३० टीम आहेत, प्रत्येकीच्या सीझनला १६२ मॅचेस. २०२२पासून त्यातल्या १२ टीम प्लेऑफला जातात. जुलै संपता संपता, कधी ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला, ट्रेड डेडलाइन येते आणि त्यानंतर टीमना आपसात खेळाडूंची अदलाबदल करता येत नाही. त्यामुळे त्या आठवड्यात प्रत्येक टीमला ठरवावं लागतं, की आपण या वर्षी जिंकायला खेळतोय की पुढे कधीतरी. या वर्षी जिंकायचं असेल तर तयार खेळाडू घ्यायचा आणि बदल्यात मायनर लीगमधली होतकरू पोरं द्यायची. त्यांना प्रॉस्पेक्ट म्हणतात. पुढे कधीतरी जिंकायचं असेल तर याच्या उलट. आयपीएलमध्येही ट्रेड असतो, पण तो साधारणपणे दोन सीझनच्या मधल्या काळात. हार्दिक पंड्या २०२३च्या नोव्हेंबरात गुजरातहून मुंबईला आला आणि पुढच्या सीझनला वानखेडेवर घरच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली, ते आठवा. आता असं भर सीझनमध्ये, ३० टीममध्ये, एकाच आठवड्यात चालतं अशी कल्पना करा.

आणि कंट्रोल म्हणजे काय? खेळाडू मेजर लीगमध्ये आला की पहिली सहा वर्षं तो त्या क्लबचा. सुरुवातीची साधारण तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास, मग लवादाच्या धाकानं थोडा वाढलेला पगार, आणि सहा वर्षं भरली की मोकळा. किमान पगार २०२५मध्ये ७,६०,००० डॉलर होता. हा आकडा ऐकून तुम्हाला रडू येणार नाही, मलाही येत नाही. पण ज्याला खुल्या बाजारात दोन कोटी डॉलर मिळाले असते, तो पोरगा जर साडेसात लाखांत खेळत असेल, तर मधला फरक कुणाच्या खिशात जातो? तिकीट स्वस्त होत नाही. बिअर तर नाहीच नाही. तो फरक मालकाचा, आणि त्याच फरकाला माझे मित्र छातीवर हात ठेवून 'आपल्याकडे कंट्रोल आहे' म्हणतात. हे म्हणणाऱ्यांतले बरेच जण माझ्यासारखे एच-वन-बीवर आहेत. नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर सामान बांधा, हे ज्यांना रात्री झोपेतही माहीत असतं, त्यांच्या तोंडी दुसऱ्या माणसाबद्दल हा शब्द इतका सहज कसा येतो, हे मला कळत नाही.

मी सिएटलला आलो २०२१च्या शेवटाला. मरिनर्सची टीम १९७७ची, आणि वर्ल्ड सिरीज कधीच न खेळलेली मेजर लीगमधली ही एकमेव टीम. २००१मध्ये त्यांनी ११६ मॅचेस जिंकल्या आणि त्यानंतर दोन दशकं प्लेऑफचं तोंड पाहिलं नाही. २०२२च्या जुलैअखेरीस त्यांनी सिनसिनाटीला चार पोरं देऊन लुईस कास्टियो नावाचा पिचर आणला. तेव्हाही हळहळ झाली, की नोएल्वी मार्टे दिला, केवढा गुणी पोरगा! ३० सप्टेंबरच्या रात्री कॅल रॅलीनं नवव्या इनिंगमध्ये होम रन मारून दुष्काळ संपवला, आणि आठवडाभरानं टोरोंटोत कास्टियोनं सात इनिंग उलटून गेल्या तरी एक रन दिला नाही. त्या दिवशी मार्टेसाठी रडणारा मला एकही भेटला नाही.

मग २०२३. ३१ जुलैला मरिनर्स प्लेऑफच्या जागेपासून हाताच्या अंतरावर होते, आणि त्याच दिवशी त्यांनी आपला क्लोजर विकला. क्लोजर म्हणजे शेवटच्या ओव्हरला ज्याच्या हातात बॉल द्यावा तो माणूस. पॉल सीवॉल्ड ॲरिझोनाला गेला, बदल्यात तीन खेळाडू आले. हिशेबनीस खूश. क्लोजर म्हणजे चैन आहे, तीन जणांवर कितीतरी वर्षांचा कंट्रोल आला, 'व्हॅल्यू' उत्तम. आलेले खेळाडू वाईट नव्हते, हेही कबूल करतो. पण पुढे काय झालं ते पाहा. ऑगस्टमध्ये याच टीमनं २७पैकी २१ मॅचेस जिंकल्या, म्हणजे ती जिंकण्याच्या लायकीचीच होती. सप्टेंबरात गाडी घसरली. शेवटी ८८ विजय. शेवटची जागा टोरोंटोला मिळाली, ८९ विजयांवर. एका मॅचचा फरक. सीवॉल्डला घेणारी ॲरिझोना ८४ विजयांवर दुसऱ्या लीगमधून आत गेली आणि थेट वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचली.

सीझन संपल्यावर टीमचे कारभारी जेरी डिपोटो पत्रकारांसमोर बसले आणि दहा वर्षं सातत्यानं ५४ टक्के मॅचेस जिंकण्याचं गणित सांगू लागले. तेवढं जमलं की कधीतरी वर्ल्ड सिरीज होतेच. चाहत्यांना धीर धरायला सांगतोय ते त्यांच्या भल्याचंच आहे, अशा अर्थाचंही बोलले. शहर भडकलं, नंतर त्यांनी माफी मागितली. मला भडकायच्या आधी कॅल्क्युलेटर आठवला. १६२चे ५४ टक्के म्हणजे साडेसत्त्याऐंशी. मरिनर्सनी ८८ जिंकल्या होत्या. टार्गेट पूर्ण, टीम घरी.

माझा रूममेट नागपूरचा, डेटा सायंटिस्ट, आणि स्वभावानं कुणाचाही पोर्टफोलिओ सांभाळायला घेणारा. तो मला म्हणाला, 'अरे, पण तुझ्या त्या सीवॉल्डनं वर्ल्ड सिरीजमध्ये काय केलं ते पाहिलंस ना?' पाहिलं होतं. पहिलीच मॅच, नववी इनिंग, दोन रनची आघाडी, आणि टेक्सासच्या कोरी सीगरनं त्याच्या बॉलवर दोन रनचा होम रन मारून बरोबरी साधली. अकराव्या इनिंगमध्ये ॲरिझोना हरली. रूममेटच्या मते विषय संपला. माझ्या मते तिथेच सुरू होतो. वर्ल्ड सिरीजच्या नवव्या इनिंगमध्ये होम रन खायलासुद्धा तिथे असावं लागतं. त्या रात्री सिएटलचे सगळे पिचर आपापल्या घरी सोफ्यावर होते.

आता त्या टक्क्यांकडे येतो, कारण आमच्या जमातीचा सगळा माज तिथे आहे. प्लेऑफचे चान्सेस काढतात कसे? प्रत्येक टीममध्ये आज कोण खेळतंय त्यावरून तिची ताकद ठरवतात, उरलेला सीझन कॉम्प्युटरवर हजारो वेळा खेळवतात, आणि त्यातल्या किती वेळा टीम प्लेऑफला गेली ते मोजतात. उत्तम पद्धत आहे, मला तिच्याशी वैर नाही. पण तो आकडा आज आहे त्या टीमचा असतो. डेडलाइनचा अर्थच हा, की टीम बदलता येते. 'चान्सेस ३० टक्केच आहेत, म्हणून खेळाडू घेऊ नका' हे म्हणणं म्हणजे डॅशबोर्डवर सर्व्हर आजारी दिसतोय म्हणून तो दुरुस्त न करणं. ऑफिसात कुणी असं म्हणालं तर आम्ही त्याला मीटिंगमधून उठवू. बेसबॉलमध्ये मात्र त्याला समंजस फॅन म्हणतात. उलट, टीम अधांतरी असते तेव्हाच एकेका विजयाची किंमत सर्वांत जास्त असते. २०२३मध्ये एक मॅच कमी पडली. २०२४मध्ये ८५ विजय, शेवटच्या जागेला ८६ लागले, पुन्हा एकच मॅच. दोन वर्षांत मिळून दोन-तीन विजयांचा प्रश्न होता, आणि आमच्या टेबलावर चर्चा २०२९ची.

इथे हमखास कुणीतरी डॉयल अलेक्झांडरचं भूत उभं करतं. १९८७च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटनं हा छत्तिशीतला पिचर आणण्यासाठी जॉन स्मोल्ट्झ नावाचा वीस वर्षांचा पोरगा अटलांटाला दिला. स्मोल्ट्झ पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. गेली अनेक वर्षं ही गोष्ट पोरं न देण्याचा धडा म्हणून सांगितली जाते. तिचा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही. अलेक्झांडरनं त्या सीझनमध्ये डेट्रॉइटसाठी नऊ मॅचेस जिंकल्या आणि एकही हरला नाही. डेट्रॉइटनं आपली डिव्हिजन टोरोंटोच्या पुढे फक्त दोन मॅचेसनी जिंकली. स्मोल्ट्झ ठेवला असता तर ते ऑक्टोबरात घरी बसले असते. पुढच्या फेरीत ते मिनेसोटाकडून हरले, हे खरं. पण ज्या वर्षी जिंकायचं होतं त्या वर्षी जे करायचं ते त्यांनी केलं.

दर वर्षी सगळं गहाण टाका, असं माझं म्हणणं नाही. तळाला पडलेल्या टीमनं विकावं, त्यात लाज नाही. महागडे ट्रेड फसतात, तेही डझनांनी. पण हे तोलणं ज्यांचं काम आहे त्यांना त्याचा पगार मिळतो. घासाघीस करायला मालकानं माणसं ठेवली आहेत, वकील ठेवले आहेत. समोरच्या बाजूनं ओरडणारा एकच पक्ष असतो, तिकीट काढणारा. तोही पलीकडे जाऊन बसला तर मालकाला 'या वर्षी का नाही?' हे विचारणार कोण? २०२३ला बाहेर पडल्या रात्री कॅल रॅली पत्रकारांसमोर म्हणाला होता, की जिंकायचं तर क्लबनं खेळाडू आणायला हवेत. नंतर बोलण्याच्या वेळेबद्दल त्यानं माफी मागितली. पगार देणाऱ्याबद्दल जाहीर बोललेला खेळाडू माफी मागतो, ते मी समजू शकतो. फॅननं कशाला आवाज खाली ठेवायचा?

आणि अफवांचं काय? आमच्यासाठी तो खेळ आहे. २९ जुलै २०१५ला न्यूयॉर्कच्या मैदानावर मॅच चालू असताना प्रेक्षकांच्या फोनवर बातमी आली, की मेट्सनी विल्मर फ्लोरेसला मिलवॉकीला ट्रेड केलं. लोक उभं राहून टाळ्या वाजवायला लागले, आणि आपण विकले गेलो हे त्याला प्रेक्षकांकडून कळलं. सोळाव्या वर्षी व्हेनेझुएलातून या क्लबमध्ये आलेला पोरगा. तो मैदानातच रडला, बाहीनं डोळे पुसत पोझिशनवर उभा राहिला. मग ट्रेड फिसकटलाच. दोन दिवसांनी, डेडलाइनच्या रात्री, बाराव्या इनिंगमध्ये त्यानं मॅच जिंकून देणारा होम रन मारला आणि धावताना छातीवरचं क्लबचं नाव मुठीत धरलं. मेट्स त्या वर्षी वर्ल्ड सिरीज खेळले. मेजर लीगमधला दहा वर्षांचा अनुभव आणि त्यातली शेवटची पाच वर्षं एकाच क्लबमध्ये, एवढं झाल्यावरच खेळाडूला ट्रेड नाकारायचा हक्क मिळतो. नाहीतर तशी अट करारात लिहून घ्यावी लागते. बाकीच्यांनी बॅग भरायची. या जगात 'ॲसेट' हा शब्द फ्लोरेसबद्दल वापरायला मालकाला काही वाटत नाही, ते त्याचं त्यानं पाहावं. तुम्ही-आम्ही त्या रात्री टाळ्या वाजवणाऱ्यांतले आहोत.

२०२५ला मरिनर्सनी अखेर घेतलं. ॲरिझोनाकडूनच आधी जॉश नेलर, मग डेडलाइनच्या तोंडावर युहेनियो सुआरेझ. हाच सुआरेझ २०२३च्या नोव्हेंबरात सिएटलनं ॲरिझोनाला देऊन टाकला होता, आणि तो पगार वाचवण्यासाठीच, असं इथे सगळे मानतात. आता त्याच्यासाठी टायलर लॉकलियरसह तीन पोरं द्यावी लागली. त्याचा करार तर सीझनअखेरपर्यंतचाच, म्हणजे भाड्याचा खेळाडू. परत आल्यावर त्याची सरासरी .२००च्याही खाली राहिली. सप्टेंबरभर माझा रूममेट रोज सकाळी चहाबरोबर मला तो आकडा वाचून दाखवायचा. मरिनर्सनी डिव्हिजन जिंकली, २००१नंतर पहिल्यांदा, त्याबद्दल तो काही बोलायचा नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. टोरोंटोविरुद्ध पाचवी मॅच, सिरीज २-२, आठवी इनिंग, एक रननं मागे. रॅलीनं होम रन मारून बरोबरी केली. मग बेस भरले आणि सुआरेझ आला. बॉल उजवीकडच्या भिंतीपलीकडे गेला, एका फटक्यात चार रन. मी काय ओरडलो ते आठवत नाही. रूममेट सोफ्यावर उभा राहून उड्या मारत होता, आणि मला मिठी मारायला तिथूनच झेपावला.

उरलेल्या दोन्ही मॅचेस मरिनर्स हरले. सातवीत सातव्या इनिंगपर्यंत ३-१ पुढे होते, वर्ल्ड सिरीज आठ आउट दूर होती, आणि जॉर्ज स्प्रिंगरनं तीन रनचा होम रन मारला. ४-३.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूममेटनं चहा ओतता ओतता विचारलं, 'दोन-अडीच महिन्यांसाठी तीन पोरं दिली. वर्थ होतं का रे?'

मी सोफ्याकडे बोट दाखवलं. शुक्रवारी त्याचा डावीकडचा पुढचा पाय मोडला होता. तो अजून तसाच आहे. खाली माझं कॉलेजमधलं अल्गोरिदमचं जाडजूड पुस्तक लावलंय.