शिक्षा भोगून आलेला गडी आणि जत्रेचा फड

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची जत्रा भरते, महाशिवरात्रीस लातूरच्या सिद्धेश्वराची; आणि यांच्या मागेपुढे आमच्या नांदेड-लातूरकडील गावोगावच्या जत्रांत हलगी वाजू लागते व कुस्त्यांचे फड लागतात. पोरांच्या रेवड्यांच्या कुस्तीपासून शेवटच्या चांदीच्या कड्यापर्यंत जोड लावण्याचा अधिकार गावच्या पंचांचा. एखादे साली या पंचांपुढे असा गडी येऊन उभा राहतो की ज्याने फौजदारी गुन्हा केला, कोर्टाने त्यास शिक्षा दिली, ती भोगून तो परत आला, आणि आता तो म्हणतो, माझी जोड लावा. लावावी की न लावावी?

या प्रश्नास दोन ठरीव उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो, गडी तयार आहे, माणूस जमेल, झाले गेले उकरू नका. दुसरा म्हणतो, एकदा डाग लागला तो लागला, त्यास फडाच्या कडेसही उभे करू नका. आमच्या मते दोन्ही पक्ष एक गोष्ट पाहावयाचे विसरतात. गुन्हा कोणाचा केला, हे ते विचारीतच नाहीत. आणि मोठमोठ्या खेळांचे जे धनी आहेत तेही हे विचारीत नाहीत, हे वाचकांनी आधी नीट ध्यानात घ्यावे.

अमेरिकेतील मुष्टियोद्धा माइक टायसन याचेच पाहा. अठरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार केल्याबद्दल १९९२ साली त्यास सहा वर्षांची शिक्षा झाली. सुमारे तीन वर्षे तुरुंगात काढून तो मार्च १९९५ मध्ये सुटला, ऑगस्टात पुन्हा रिंगणात उतरला, आणि मार्च १९९६ मध्ये पुन्हा जगज्जेता झाला. कोणी दार लावले नाही. उलट तिकिटांसाठी झुंबड उडाली. पुढे जून १९९७ मध्ये त्याने चालू लढतीत होलिफील्ड या प्रतिस्पर्ध्याचा कान चावला. तेव्हा मात्र नेवाडा संस्थानच्या अधिकाऱ्यांनी त्याचा परवाना रद्द केला व तीस लाख डॉलर दंड ठोठावला. परवाना परत मिळण्यास ऑक्टोबर १९९८ उजाडले. मुलीची अब्रू घेतल्याबद्दल खेळाकडून काही नाही, आणि कान चावल्याबद्दल परवाना जप्त! कान चावला तेव्हा धंद्याचे नाव गेले, हे त्याचे कारण.

आमच्याकडेही तराजू असाच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत नांदेडच्या नावाने उतरलेल्या शिवराज राक्षे याने निकाल न पटून पंचास लाथ मारली. त्यास तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पंचावर पाय उचलणे वाईटच, त्याची बाजू घेण्याचे आम्हांस कारण नाही. पण शिक्षा किती चटकन झाली ते पाहा. मुंबईचा क्रिकेटपटू अंकित चव्हाण यास मे २०१३ मध्ये सट्टेबाजांशी संगनमताच्या आरोपावरून पकडले. सप्टेंबरात क्रिकेट मंडळाने त्यास तहहयात बंदी घातली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने त्यास आरोपातून मुक्त केले, तरी मंडळाची बंदी उठली नाही. ती सात वर्षांवर आली ती २०२१ साली.

आता याच्या शेजारी दुसरा क्रिकेटपटू ठेवा. २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळा शहरात गाडी उभी करण्यावरून नवज्योतसिंग सिद्धू यांचा गुरनामसिंग नावाच्या पासष्ट वर्षांच्या गृहस्थाशी वाद झाला. मारहाण झाली आणि ते म्हातारे गृहस्थ मरण पावले. सिद्धू पुढे दहा वर्षे देशाच्या संघातून खेळत राहिले. गुन्हा तेव्हा शाबीत नव्हता, हे खरे, आणि म्हणून केवळ खेळल्याबद्दल आम्ही त्यांस दोष देत नाही. पण सट्ट्याच्या आरोपात जे मंडळ कोर्टाची वाट पाहत नाही, तेच माणूस मेल्याच्या आरोपात कोर्टाकडे बोट दाखविते, हा न्याय कोठला? पुढे १९९९ साली सेशन कोर्टाने त्यांस सोडले. २००६ साली हायकोर्टाने तीन वर्षे दिली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एक हजार रुपये दंडावर भागविले. हजार रुपयांत सोयाबीनच्या बियाण्याची अर्धी पिशवीही येत नाही. शेवटी १९ मे २०२२ रोजी, मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी फेरविचाराचा अर्ज नेटाने लावून धरला म्हणून, एक वर्षाची सक्तमजुरी झाली. चौतीस वर्षांनी! त्या घराने इतकी वर्षे वकील व तारखा कशा निभावल्या असतील, ते ज्याच्या घरी एकदा कोर्टाची नोटीस आली आहे त्यास सांगावयास नको.

त्या २०२२ च्या निकालात न्यायाधीशांनी एक गोष्ट नमूद केली आहे, ती प्रत्येक तालमीच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे. मुष्टियोद्धा, पैलवान, क्रिकेटपटू किंवा तसाच अंगाने तयार मनुष्य जेव्हा हात उगारतो, तेव्हा त्याचा नुसता हातच हत्यार होऊ शकतो, असा त्याचा आशय आहे. आमच्या जुन्या वस्तादांस हे कोर्टाने सांगावे लागले नव्हते. लंगोट बांधला त्या दिवसापासून गावात कोणावर हात टाकावयाचा नाही, ही तालमीची पहिली अट असे. गाव खुराकास दूधतूप देते, जत्रेत वर्गणी काढते, फेटा बांधते. त्या गावाच्या पैशावर पोसलेला दंड त्याच गावच्या म्हाताऱ्यावर पडला, तर तो साध्या माणसाच्या मारापेक्षा मोठा अपराध आहे. म्हणून पैलवानाची शिक्षा हलकी व्हावी असे जे कोणी त्याच्या पदकांकडे बोट दाखवून म्हणतात, त्यांचा हिशेब उलटा आहे.

एक गोष्ट मात्र जपली पाहिजे. आरोप म्हणजे गुन्हा नव्हे. दोन ऑलिंपिक पदकांचा धनी सुशीलकुमार याच्यावर, मे २०२१ मध्ये दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमात सागर धनखड या तरुण पैलवानास मारहाण करून ठार केल्याचा आरोप आहे. मार्च २०२५ मध्ये जामीन मिळाला, ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मोहोळच्या हमालाचा मुलगा, महाराष्ट्र केसरी सिकंदर शेख यास ऑक्टोबर २०२५ मध्ये पंजाब पोलिसांनी बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणात पकडले. पुढे जामीन मिळाला. हे दोघे आरोपी. दोषी कोण ते कोर्ट ठरवील. लोकांनी मात्र पकडल्याच दिवशी कोणास निर्दोष देव केले, कोणास राक्षस केले. हमालाच्या पोरास राक्षस करावयास फार वेळ लागला नाही, एवढे आम्ही नमूद करून ठेवतो.

आता शाबीत झालेल्या गुन्ह्याकडे वळू. शिक्षा भोगल्यावरही जन्मभर बाहेर ठेवा, असे म्हणणाऱ्यांस आम्ही विचारतो, जन्मभराची हजेरी म्हणजे काय हे आपणांस ठाऊक आहे काय? इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. १९५२ साली तो रद्द होईपर्यंत कित्येकांच्या आजोबा-पणजोबांनी काही न करिता चौकीवर हजेरी दिली. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १९१८ सालीच आपल्या राज्यात महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली व फासेपारध्यांस नोकऱ्या दिल्या. खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधणारा राजा तोच. मल्लांस पोसणे व डाग पुसणे ही दोन कामे त्यास परस्परविरोधी वाटली नाहीत. औंधच्या राजाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची भिंतीवाचूनची वसाहत वसविली. खुनाचे कैदीही तेथे शेती करून राहिले. आणि २०२३ साली पुण्याच्या येरवडा तुरुंगातील कैद्यांच्या संघाने कैद्यांच्या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. खेळाने माणूस बिघडतो तसा सावरतोही.

यास्तव आमचे मत असे की, पुरी शिक्षा भोगून आलेल्या गड्यास मातीत उतरण्यास बंदी असू नये. कुस्ती त्याची मजुरी आहे. सुतारास तुरुंगातून आल्यावर वाकस धरू नको असे आपण म्हणत नाही. पण माती वेगळी आणि मान वेगळा. गदा, हत्तीवरून मिरवणूक, शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्याची खुर्ची, सरकारची थेट अधिकाऱ्याची नेमणूक, ही मजुरी नव्हे. हे गाव देते, आणि गावास ते न देण्याचा अधिकार आहे. आम्ही मास्तर माणूस. पाहुण्याच्या खुर्चीवर बसलेल्याकडे पोरे कशी टक लावून पाहतात ते रोज पाहतो.

वस्तादकीचे तर आम्ही याहून कडक बोलू. रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापुरात शिकले, नाव मिळविले आणि पुढे पुण्यास वस्ताद होऊन मल्ल घडवीत राहिले. अशा माणसाच्या हवाली शेतकरी आपले दहाबारा वर्षांचे लेकरू घर सोडून करतो, ते कोणत्या भरवशावर? आता मुलीही तालमीत जातात. ज्याने आपल्या हाताखालच्या पोरावर वा मुलीवर अत्याचार केल्याचे शाबीत झाले, त्याने मजुरी दुसरीकडे करावी. तालमीचा उंबरा त्यास पुन्हा नाही. कुस्ती विकणाऱ्याचे निराळे. त्याने वर्गणीदारांस फसविले, म्हणून काही वर्षे तरी त्यास फडाबाहेर काढावा. पण कोवळ्या वयाचा असेल तर कायमचा नव्हे. पाकिस्तानचा गोलंदाज मोहम्मद आमिर हा खेड्यातला पोरगा अठराव्या वर्षी, २०१० साली, पैशासाठी नोबॉल टाकताना सापडला. लंडनच्या कोर्टाने सहा महिने दिले, खेळाने पाच वर्षे, आणि २०१६ साली तो पुन्हा खेळला. ते योग्यच झाले.

हे सर्व मोठ्यांचे झाले. आमच्या गावचा पोरगा पहाटे चारला उठून भरतीसाठी पळतो. धुऱ्याच्या भांडणात भावकीने बापाबरोबर त्याचेही नाव फिर्यादीत घातलेले असते. तो लेखी परीक्षा उतरतो, मैदानी उतरतो, आणि चारित्र्य पडताळणीत अडतो. त्यासाठी कोणी मोर्चा काढीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले आहे की तरुण वयातील किरकोळ प्रकरण असेल तर नेमणूक करणाऱ्याने ते सोडून देण्याचा विचार करता येतो. फॉर्ममध्ये खटला लपविणे मात्र अंगाशी येते. आईबापांनी हे ध्यानात ठेवावे व पोरांस खरे तेच लिहावयास सांगावे. आणि १९५८ चा प्रोबेशनचा कायदा आहे. पहिल्या, लहान गुन्ह्यात चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची त्यात सोय आहे. ती वकिलाकडे मागून घ्यावी लागते, आपण होऊन कोणी देत नाही. टायसनला जगज्जेतेपदाचे दार उघडते आणि धुऱ्यावरच्या ढकलाढकलीवरून पोराचे शिपायाचे दार लागते, ही विषमता ज्यास दिसत नाही त्याने क्षमेवर व्याख्यान देऊ नये.

तेव्हा यंदाच्या जत्रेपूर्वी पंचांनी बैठक घेऊन वहीत लिहून काढावे. शिक्षा पुरी भोगली असेल तर जोड लागेल. शेवटचे कडे व फेटा नाही. ज्याचे नुकसान झाले ते घर जवळपासचे असेल तर पंचांपैकी दोघांनी आधी तेथे जाऊन सांगावे, हलगीच्या आवाजाने त्यांस कळू नये. त्या घरास घ्यावेसे वाटले तर इनामाचा अर्धा भाग त्यांचा. नको म्हणाले तर तो तालमीच्या पोरांच्या दुधास. गड्यास ही अट मान्य नसेल तर त्याने दुसऱ्या गावची जत्रा पाहावी.