फांदीछाटणीचा हिशेब

मृग नक्षत्र लागण्यापूर्वीचे दोन-तीन आठवडे आपल्या शहरांतून नालेसफाई आणि वृक्षछाटणी यांची एकच धांदल उडते. नालेसफाईवर दरवर्षी लिहिले जाते. झाडावर चढणाऱ्या माणसाविषयी मात्र, वादळात फांदी कोसळून कोणी दगावल्याखेरीज, सहसा कोणी शब्द खर्च करीत नाही.

गेल्या मे महिन्यात आमच्या महाविद्यालयाच्या आवारातील दोन जुन्या पर्जन्यवृक्षांची छाटणी रीतसर परवानगी काढून चालली होती. परीक्षेचे काम आटोपून बाहेर पडलो तो पाहत उभा राहिलो आणि तासभर तेथून हललो नाही. पहिल्या झाडावर पन्नाशी उलटलेला एक गृहस्थ अनवाणी चढला होता. कमरेला दोर, पाठीला करवत आणि कोयता, एवढीच त्याची सामग्री. फांदी विजेच्या तारांवर झुकलेली होती. त्याने दुसरा दोर वरच्या बेचक्यातून ओवून फांदीला बांधला. त्याचे खालचे टोक एका पोराने बुंध्याभोवती दोनदा गुंडाळून हाती धरले. दोन माणसांना न पेलणारी ती फांदी सालीवरच्या घर्षणाच्या बळावर एकट्या पोराने अलगद खाली उतरविली. पदार्थविज्ञानाच्या वर्गात असा पाठ क्वचितच पाहावयास मिळतो.

कापण्याची रीतही लक्षात राहण्याजोगी होती. बुंध्यापासून हातभर अंतरावर त्याने आधी फांदीला खालून काप घेतला, मग किंचित पुढे वरून करवत चालविली. फांदी तुटली, पण साल सोलली गेली नाही. उरलेला खुंट त्याने तिसऱ्या कापात काढला. तोही खोडाशी सपाट नव्हे, तर फांदीच्या मुळाशी असलेली फुगीर कड राखून. शेजारच्या झाडावर एक तरुण शिडीवर उभा राहून एका हाताने यांत्रिक करवत चालवीत होता. ती करवत अडकून उसळली तर मानेचा वेध घेते, हे त्याला कोणी सांगितले होते की नाही, कोण जाणे. त्याने वरून एकच काप दिला. फांदी कोसळली ती खोडावरची दोन हात साल ओरबाडून घेऊनच.

म्हातारबाबा चहासाठी उतरले तेव्हा मी विचारले, "मामा, तुम्ही तीनदा करवत चालवता, तो एकदाच. असं का?"

"साल फाटली की झाड आतून कुजतं, साहेब. पण त्याची दिवसाला माझ्या दुप्पट झाडं होतात. मुकादमाला आकडा लागतो."

"हे शिकलात कुठे?"

"बापाकडं. आम्ही कोकणातले, आधी माडावर चढायचो."

"मुलगा येतो का या कामाला?"

"नाही. त्याला रिक्षा घेऊन दिली."

पडलात तर काय, या प्रश्नावर ते हसले. दोन वर्षांपूर्वी त्यांचा जोडीदार पडला होता. मुकादमाने दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचविला आणि तेथून तो दिसेनासा झाला.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला येथे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा जुन्या मोटारींच्या बाजारावरील १९७० सालचा निबंध आठवल्यावाचून राहत नाही. ज्या बाजारात गिऱ्हाइकाला मालाचा कस ओळखता येत नाही, तेथे वाईट माल चांगल्या मालाला हुसकून लावतो, हे त्याचे सार. मोटारीचा कस निदान काही महिन्यांत कळतो. छाटणीचा कस कळण्यास दहा वर्षे लागतात आणि बिल पंधरा दिवसांत मंजूर होते. अमेरिकेच्या वनखात्यातील अ‍ॅलेक्स शायगो या शास्त्रज्ञाने असंख्य झाडे यांत्रिक करवतीने उभी चिरून असे दाखवून दिले, की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंती उभारून कुजणारा भाग कोंडून टाकते. फुगीर कड शाबूत असेल तर ही भिंत मजबूत होते. कड कापली वा साल फाटली, तर बुरशी खोडात शिरते. जी गोष्ट शायगो यांच्या ग्रंथांतून १९८०च्या दशकात जगभर पोहोचली, ती या माडकऱ्याने बापाच्या हाताखाली गिरविली होती. दहा पावसाळ्यांनंतर ते दुसरे झाड आडवे झाले, तर दोष वाऱ्याला दिला जाईल.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९७५ सालचा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना विशेष संरक्षणही दिले. पण या साऱ्याचा भर परवानगी कोणी द्यावी यावर आहे. करवत कोणाच्या हाती असावी, यावर नाही. अपघाताचेही तसेच. आपल्या नेहमीच्या व्यवहारातील काम कंत्राटदाराकडून करवून घेणाऱ्या मूळ मालकाला जबाबदारी झटकता येत नाही, हे तत्त्व १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यापासून मान्य आहे. परंतु हजेरीपटावर ज्याचे नावच नाही, त्याने हक्क सिद्ध कोठे करावा?

मग करावे काय? केरळात नारळावर चढणारी माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ साली तरुणांना चढण्याचे यंत्र, काही दिवसांचे शिक्षण आणि अपघात विमा देणारी योजना सुरू केली. ज्या कामाला हलके समजले जाई, त्याला त्यामुळे धंद्याचे रूप आले. ब्रिटनमध्ये दोरावर राहून यांत्रिक करवत चालवायची, तर तशी परीक्षा द्यावी लागते. आपल्या नगरपालिकांनी निविदेत एवढी अट घातली तरी पुरे, की झाडावर चढणारा प्रत्येक माणूस प्रमाणित असेल, त्याचा विमा असेल आणि मोबदला झाडांच्या आकड्यावर न देता रोजावर दिला जाईल.

प्रमाणपत्र आले की दलाल येतील आणि अंगठा लावणारा जुना कसबी माणूस बाहेर फेकला जाईल, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. म्हणून ही परीक्षा कागदावर नको, झाडावरच घ्यावी. प्रत्यक्ष काप पाहून गुण देणे अवघड नाही. आणि परीक्षक म्हणून या मामांसारख्यांनाच बसवावे. खर्च वाढेल, हेही खरे. पण आजचा स्वस्त दर म्हणजे पडणाऱ्या मजुराच्या मोडक्या हाडांतून आणि उद्या पडणाऱ्या झाडातून काढलेली उचल आहे. ती ताळेबंदात दिसत नाही, इतकेच.

हे लिहिताना एक गोष्ट लपविणे योग्य होणार नाही. महाविद्यालयाच्या त्या कामासाठी तीन निविदा आल्या होत्या, आणि त्या उघडणाऱ्या समितीत मीही होतो. तिन्ही लिफाफ्यांतील आकडे आम्ही पाहिले, सर्वांत कमी दराखाली सह्या केल्या आणि चहा घेतला. चढणार कोण, हे कोणी विचारले नाही. जूनमध्ये बिल आले. दोन्ही झाडांचा दर एकच होता.