अक्कलदाढ काढावी का, तारांसाठी?
अक्कलदाढ काढण्याची धास्ती मोठी, पण दुखणं लवकर आटोपतं: सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक, आठवड्याभरात बहुतेकांचं जेवण पूर्ववत. जपायची ती खड्ड्यातली रक्ताची गुठळी; जोरात चूळ नको, स्ट्रॉ नको, सिगारेट तर मुळीच नको, कारण गुठळी निसटली की हाड उघडं पडतं आणि कानापर्यंत ठणका लागतो. तारांचं उलटं. प्रत्येक वेळी घट्ट केल्यावर काही दिवस दात हुळहुळतात, पण हे बहुधा दीड-दोन वर्षं चालतं, आणि पुढे दात जागेवर धरणारा रिटेनर असतोच. म्हणूनच ‘तारांचा खर्च वाया जायला नको, अक्कलदाढा दात पुन्हा ढकलतील, त्याही काढून टाका’ असा सल्ला दिला जातो; तो मला पटत नाही. ज्यांना अक्कलदाढा मुळातच आलेल्या नसतात, त्यांचेही खालचे पुढचे दात वयानुसार दाटतात. मग दोष दाढेचा कसा? ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य-मार्गदर्शन संस्थेने २००० सालीच सांगितलं की रुतलेली पण निरोगी दाढ निव्वळ खबरदारी म्हणून काढू नये. विशीच्या आत मुळं अपुरी असल्याने काढणं सोपं जातं, हा आक्षेप खरा आहे. हिरडी वारंवार सुजत असेल, शेजारची दाढ किडत असेल, तर थांबूच नये. पण काही त्रास नसताना ओठ बधिर होण्याचा धोका, थोडा का होईना, कशाला पत्करायचा? एक्स-रे काढून लक्ष ठेवता येतं. सरळ झालेले दात जागेवर राहतात ते रिटेनरमुळे. तो किती वर्षं घालायचा, तुटला तर नवा केवढ्याला पडेल, हे तारा लावण्याआधीच डॉक्टरांना विचारा.